मसाल्याचा खोकला

११ ऑक्टोबर १९५४, सोमवार

आज खाट मिळाली. बायकांच्या वॉर्डात, व्हरांड्याच्या बाजूची. मुलुंडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असं एक इस्पितळ आहे हे ऐकून होते. कुणाचं नाव घेताना लोक आवाज खाली आणून सांगायचे, "त्याला तिकडे ठेवलंय." आता मला तिकडे ठेवलंय.

गस्टी, माझा धाकटा भाऊ, ट्रंक ठेवून लगेच निघाला. जाताना म्हणाला, "वसईची हवा मानवू दे हं, बाय." मग स्वतःच्याच विनोदाने त्याचं तोंड उतरलं. मरोळ गावात आम्ही सांगितलंय की ऑलिव्ह वसईला मावशीकडे हवापालटाला गेली. दुसरा इलाज नव्हता. आयडाचं लग्न तेरा फेब्रुवारीच्या रविवारी ठरलंय, उपासाचा काळ लागायच्या आत. एकदा तो लागला की ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्न लागत नाही. जॉनीचं घर वाकोल्याला. त्याची आई ग्रेसबाय कडक. नवरीच्या आईला क्षय आहे हे तिच्या कानावर गेलं, तर अंगठी त्याच दिवशी परत येईल. मला फेब्रुवारीच्या आत बरं होऊन, वसईहून आल्यासारखं घरी जायचं आहे. बाकी काही मागत नाही.

सिस्टरने झाकणाचा एक मग दिला. थुंकायचं ते फक्त यात. खोकताना तोंडावर फडकं. ताट-पेल्यावर माझा आकडा घातलाय, तो दुसऱ्या कुणाला जायचा नाही. खाटेवरून उतरायचं नाही, आंघोळसुद्धा ओल्या फडक्याने खाटेवरच. जेवणानंतर पडून राहायचं, बोलायचं नाही, वाचायचंही नाही.

वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात पहिल्या दिवशी असंच झालं होतं. अशाच लोखंडी खाटांच्या रांगा, अशीच पांढरी चादर, असाच एक परका वास. नऊ वर्षांची होते, आईसाठी उशीत तोंड खुपसून रडले. आता पन्नाशी उलटली आणि लेकीसाठी रडतेय. नन्सनी इंग्रजी शिकवलं ते खूप उपयोगी पडलं, पण रडू अजून मराठीतच येतं. म्हणून ही वहीही मराठीत.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज भेटीचा दिवस. गुरुवार आणि रविवार, संध्याकाळी. भेटायला येणाऱ्याने खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसायचं, खाटेवर नाही. जाताना दाराशी नळ आहे, तिथे औषधाच्या साबणाने हात धुवायचे.

आयडा आली. तिने गस्टीच्या कोंबड्यांची अंडी आणली. मी नेहमीसारखा हात पुढे केला. आमच्या घरी संध्याकाळची घंटा झाली की मुलं मोठ्यांच्या हाताचा मुका घेऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. आयडा तेवीस वर्षांची झाली, फोर्टात टायपिस्ट आहे, तरी एक दिवस चुकवलेला नाही. आज तिने मुका घेतला, आणि मीच घाबरून हात ओढून घेतला. ती हसली. म्हणाली, "माय, हातातून काय होतंय?"

दुपारी एक बाई फॉर्म घेऊन आल्या होत्या. घरी कोण कोण, कुणाला खोकला आहे का, सगळ्यांचा छातीचा फोटो काढून घ्यायला हवा. मी सांगितलं, विधवा आहे, घरी मी एकटी. लेक मामाकडे राहते, घोड्यासारखी धडधाकट आहे. त्यांनी आमच्या दारी येऊन आयडाची चौकशी केली असती तर तासाभरात गल्ली गोळा झाली असती. मी सहसा खोटं बोलत नाही. पण आईला काही गोष्टी कराव्या लागतात, आणि देवाची आईही आईच होती.

४ नोव्हेंबर, गुरुवार

सुई रोज. आज डाव्या बाजूला, उद्या उजव्या. सुईमुळे डोकं गरगरतं, कानात रातकिडे बोलतात. त्यावर पुड्या, एका वेळी इतक्या की पोट त्यांनीच भरतं आणि मग मळमळतं. दूध, अंडं, माशाचं तेल. जेवण अगदी सपक. बाटली मसाल्याच्या एका चिमटीसाठी जीव तळमळतो.

तो मसालाच तर सगळ्याच्या मुळाशी. दर मे महिन्यात आम्ही अंगणात मिरच्या वाळवतो, भाजतो, कुटणाऱ्या बायका बोलावतो आणि वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरतो. यंदा लग्नाचा म्हणून दुप्पट केला. कुटताना सगळं घर खोकतं, त्यात नवं काही नाही. मी आणि आयडा डोळे पुसत, खोकत, हसत होतो. पावसाळा आला तरी माझा खोकला जाईना. सगळ्या म्हणाल्या, मिरची छातीत बसली, तूप खा. मी तूप खात राहिले. सप्टेंबरात रुमालावर रक्त आलं तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले.

शेजारच्या खाटेवर सुगंधा आहे. मालवणची, घाटकोपरला राहते, नवरा गिरणीत. तिच्या एका फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून बरगडीतून सुई घालून भोवती हवा भरतात. ती आल्यागेल्याला सांगते, "माका सायकलच्या ट्यूबसारखी फुगवतत." हसली की धाप लागते, पण हसायची थांबत नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार

आयडाने आज बेसांव घेतला नाही. मी हात पुढे केला, तिने नमस्कारासारखे हात जोडले आणि स्टूल आणखी मागे सरकवून बसली. मागच्या रविवारीही असंच झालं. मला वाटलं होतं, घाईत विसरली. आज कळलं, विसरली नाही.

तिचा दोष नाही. तिला संसार करायचा आहे. कुणीतरी ऑफिसात तिला घाबरवलं असेल. पण ती वागते ते उलटंच. सगळे जाताना हात धुतात. माझी आयडा येताच आधी नळाशी जाऊन कोपरापर्यंत धुते आणि मग माझ्याजवळ येते. इतकी शिकलेली मुलगी, नियम नीट ऐकून घेत नाही. मी सांगितलं, अगं, जाताना धुवायचे. ती म्हणाली, दोन्ही वेळा धुते.

सुंदर मात्र दिसते. गालांवर लाली, डोळे कसे चमकतात. बारीक झाली आहे. म्हटलं, गाऊन बसायला पाहिजे म्हणून उपाशी राहतेस वाटतं. हो म्हणाली. मी परोपरीने समजावलं, पण लग्न ठरलेल्या मुली कुणाचं ऐकतात? मीही ऐकलं नव्हतं.

ती दोनदा खोकली. पदर नाही म्हणून रुमाल धरला, पाठ फिरवली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "मसाला कमी पडेल असं वाटलं, माय. थोडा आणखी कुटला."

नोव्हेंबरात मसाला कोण कुटतं? ऊन मऊ, मिरची जुनी. बुरशी यायची सगळ्याला. आई घरात नसली की असं होतं. मी तिथे असायला हवं होतं.

७ डिसेंबर, मंगळवार

आता मला उतरून न्हाणीपर्यंत जायची परवानगी आहे. पाय माझे नाहीत असं वाटतं. भिंतीला धरून गेले आणि स्वतःचीच चड्डी स्वतः धुतली म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

सुगंधाला आज फोटोसाठी खालच्या इमारतीत नेलं होतं. आल्यावर तिने विनोद केला नाही, माझ्या खाटेकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, "ऑलिव्हबाय, तुझा चेडू खाली बाकावर बसला होता."

माझी लेक, मंगळवारी? भेटीचा दिवस नाही, ऑफिसही असतं. बाहेरच्या रोग्यांची रांग लागते तो बाक. मी विचार केला आणि मग उलगडलं. पोर रजा काढून आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर जयवंतांना भेटायला आली असणार, आईला लग्नासाठी सोडा म्हणून विनवायला. आणि मला कळू द्यायचं नाही. मी सुगंधाला हे सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. म्हणाली, "होय गो, तसाच असतला."

मुका घेत नाही म्हणून मी तिच्यावर मनातल्या मनात रुसले होते. आज स्वतःची लाज वाटली.

२५ डिसेंबर, शनिवार

नाताळ. फादर आले, व्हरांड्यात मिसा झाली. ज्यांना उठता येत नाही त्या खाटेवरूनच गायल्या. धाप लागलेल्या बायकांचं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. एक ओळ म्हणायची आणि दोन ओळी श्वास घ्यायचा.

आज सगळ्यांना खास भेट होती. आयडा आली नाही. गस्टी आला, करंज्या नि नारळगुळाचा दोदोल घेऊन. आयडाला सर्दी आहे, म्हणाला. जॉनी कसा आहे विचारलं, तर म्हणाला, बरा आहे. ग्रेसबायने बँड ठरवला का? ठरवेल, म्हणाला. उंबराच्या पाण्याला कोण कोण बायका बोलावल्या? त्याने टोपी हातात फिरवली, आणि ती फिरवतच राहिला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या बायका लुगडी नेसून, वाजत गाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाण्यासाठी उंबराचं पाणी आणतात. माझ्या वेळी आई पुढे होती. तिचं लाल लुगडं ट्रंकेत आहे, सोनेरी काठाचं. ते नेसून मला पुढे चालायचं आहे. गस्टीला सांगितलं, आयडाला म्हणावं लुगडं उन्हात टाक, घडीवर कसर लागते. तो नाकाने हं म्हणाला आणि एकदम उठला. जाताना हातही धुतले नाहीत.

दोदोल सुगंधाला दिला. तिने एक तुकडा खाल्ला आणि बाकीचा उशीखाली ठेवला, लेकासाठी. मुलांना इथे येऊ देत नाहीत. तो फाटकाबाहेर उभा राहतो आणि ती व्हरांड्यातून पदर हलवते.

१४ जानेवारी १९५५, शुक्रवार

सुगंधाच्या बरगड्या काढायच्या ठरल्या. हवा भरून भागेना. म्हणे आतली जखम दाबून बसवायची तर तेवढाच मार्ग. काल सकाळी नेलं. जाताना मला म्हणाली, "येतंय गो. माझ्या खाटेर कोणाक बसू देव नको."

संध्याकाळपर्यंत मी तिची खाट राखली. एका नव्या बाईने टॉवेल ठेवला तो उचलायला लावला.

आज सकाळी दोन माणसं आली आणि गादी गुंडाळून उन्हात घेऊन गेली. इथे कुणाचं काय झालं ते सांगत नाहीत. गादी बाहेर गेली की समजायचं. उशीखालचा दोदोल जमिनीवर पडला. मी उचलला. फाटकाशी कुणी उभं होतं की नाही, ते बघायला मी व्हरांड्यात गेले नाही. मला जमलं नाही.

आज रोझरी हातात घेतली आणि ठेवून दिली. देवा, मी तुझ्याशी बोलत नाही आहे.

२७ जानेवारी, गुरुवार

मला आता कफ पडतच नाही, म्हणून नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढून तपासलं. तिसऱ्यांदा काही सापडलं नाही. डॉक्टर जयवंत आज खाटेशी आले. म्हणाले, पुड्या आणि गोळ्या दीड वर्ष चालू ठेवायच्या, पण त्या घरूनही होतील. इथे खाटांसाठी फार मोठी रांग आहे. अकरा तारखेला सोडू.

अकरा! बाराला उंबराचं पाणी, तेराला लग्न. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, डॉक्टर, माझ्या मुलीने तुमच्या फार विनवण्या केल्या असतील ना? ते काही वेळ तक्ता वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "हिंमत राखा, बाई. ती तुम्हाला आता लागेल."

लग्नघर म्हणजे हिंमत लागतेच. पण किती चांगला माणूस.

आयडा या महिन्यात एकदाच आली. दारातूनच बोलली, घसा बसला होता. मी तिला म्हटलं, आता आवाज राखून ठेव, चर्चमध्ये हो म्हणायला लागेल.

८ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर क्षमा सांगत होती, माझ्या खाटेवर एक मुलगी येणार आहे. लहान वयाची, पहिलीच वेळ. दोन्ही बाजूंना डाग आहेत. मी नाव विचारलं. ती म्हणाली की नाव वरून यायचं आहे, आणि चादरी मोजायला गेली.

मला त्या मुलीची फार दया येते. तिला पहिली रात्र किती मोठी वाटेल. मी ठरवलं, माझी निळी शाल इथेच ठेवते. पहाटे डोंगरावरून गारठा येतो आणि खिडक्या कधीच लावत नाहीत. डोक्याशी माझा छोटा क्रूस खिळ्याला तसाच राहू दे. हिंदू असली तर काढून ठेवील. खाटेचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. आज त्या अनोळखी पोरीसाठी रोझरी म्हटली. सुगंधा गेल्यापासून पहिल्यांदाच.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवाणावर बसून लिहिते आहे. मरोळात, घरी. गस्टी स्वयंपाकघरात भांडी वाजवतो आहे, मला ऐकू जावं म्हणून. मी एकटी नाही हे सांगायची त्याची रीत.

सकाळी मी तयार होऊन बसले होते, केसांना तेल लावून. दारात गस्टी आला. त्याच्या हातात ट्रंक होती. मी म्हटलं, अरे, माझी ट्रंक इथे आहे, रिकामी कशाला आणलीस? ती रिकामी नव्हती. त्याच्या मागे आयडा होती, अंगात स्वेटर, आणि ती इतकी बारीक की मला वाटलं, हिची कुणी धाकटी बहीण आली.

सिस्टर क्षमाने खाटेवरची निळी शाल नीट केली.

मग आयडा म्हणाली, "रागावू नकोस, माय. तू बरी होईपर्यंत तुला सांगायचं नाही असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं."

ऑक्टोबरच्या शेवटी तिला ताप येऊ लागला. तिने छातीचा फोटो काढून घेतला. मंगळवारी सुया घ्यायला खालच्या बाकावर बसत होती. बाहेरच्या औषधाने आवरेना. नोव्हेंबरात तिने स्वतः वाकोल्याला जाऊन ग्रेसबायला खरं सांगितलं. नोव्हेंबरात. आणि मी तिथे नाताळात बँडची चौकशी करत होते. आज जॉनी फाटकापर्यंत आला होता. आत आला नाही.

मी एवढंच विचारलं, "आणि मसाला?"

ती म्हणाली, "मसाला पुष्कळ आहे, माय. एकही बाटली फोडली नाही."

मे महिन्यात आम्ही दोघी अंगणात खोकत, हसत होतो. त्यातला माझा खोकला मिरचीचा नव्हता. मी तिच्या तोंडासमोर खोकले. तिच्या पेल्यातून पाणी प्यायले. आणि मग त्या बाई फॉर्म घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं, घोड्यासारखी धडधाकट आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी शेजारच्या आळीत कुणाचं तरी उंबराचं पाणी होतं. बँड वाजला. मी खिडकी लावून घेतली.

आज भेटीचा दिवस. आज मी पायथ्याशी स्टुलावर बसले आणि आयडा माझ्या खाटेवर. गस्टी म्हणाला होता, रडायचं नाही, रडलीस तर घरी परत आणीन. म्हणून मी तिला सगळं सांगत बसले. सांगितलं, डोकं गरगरेल तेव्हा डोळे मिटू नकोस, समोरच्या खांबाकडे बघ. पुड्या रिकाम्या पोटी घेऊ नकोस, आधी दूध. नळी घालतील तेव्हा घशाने ढकलू नको, पाणी प्यायल्यासारखी गिळ. पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांच्या खोकल्याने झोप येणार नाही. पुढे कुणाचा खोकला थांबला तर जाग येईल. रात्री गारठलीस तर पाय शालीत गुंडाळ.

ती ऐकत होती, शाळेत बसल्यासारखी. मग तिने विचारलं, "शेजारच्या खाटेवर तुझ्या वेळी कोण होतं, माय?"

"घरी गेली ती," मी म्हटलं. "मालवणची होती. फार हसायची."

"आणि मग मीपण घरी?"

"मग तूपण."

संध्याकाळची घंटा झाली. आमच्या देवळाची नव्हे, भेट संपल्याची. मी उठले. सवयीने हात पुढे झाला आणि मग आठवलं. आयडाने माझ्याकडे पाहिलं. गेले तीन महिने ती कोपरापर्यंत हात धुऊन का यायची, स्टूल मागे का सरकवायची, ते मला त्या नजरेत दिसलं. मी समजत होते, ती मला घाबरते. ती माझ्यासाठी घाबरत होती.

मी हात मागे घेतला नाही. म्हटलं, "घे गं बेसांव. हातातून काय होतंय?"

तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मुका घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही. तिचे ओठ तापाने कढत होते.

दाराशी नळावर भेटायला आलेल्यांची रांग लागली होती. साबणाचा वास येत होता. गस्टीने मला पुढे जागा करून दिली. मी तशीच बाहेर पडले, हात पदराखाली धरून, फाटकापर्यंत.